वर काय पाठवणार तुम्ही?

माझी थोरली बहीण जन्मापासून ठार बहिरी आहे, आणि तिच्याच पत्र्यावर चढलेला माणूस वरून ओरडत होता, "ताई, आवाज येतोय का बघा!"

ताई खाली दारात उभी होती. तिने त्याच्या हलणाऱ्या तोंडाकडे पाहिलं आणि माझ्याकडे वळून हातांनी विचारलं, "काय म्हणतोय ते माकड?"

"आवाज येतोय का विचारतोय."

यावर ताईचे हात जे बोलले ते मी इथे सांगत नाही. वरच्याला मात्र मी ओरडून सांगितलं, "आवाज घेऊन काय करायचंय आम्हाला? चित्र हवंय, चित्र! सकाळपासून तेच सांगतेय."

"अहो, आवाज स्पष्ट म्हणजे लाइन पास," तो म्हणाला आणि पान्याने नट आवळायला लागला. उचलली जीभ लावली टाळ्याला.

हे माझं जन्माचं काम. ताई हातांनी जे बोलते त्याचं तोंडाने काय करायचं ते मी ठरवते. ती रागीट आहे. मीही काही बर्फाची लादी नाही, पण दोघींनी एकदम भडकून धंदा चालत नाही. त्यामुळे ती 'हा लबाड आहे' म्हणाली की मी 'जरा वाजवी सांगा' म्हणते, आणि ती 'याला हाकलून दे' म्हणाली की मी 'विचार करून कळवतो' म्हणते. तिला हे माहीत आहे. ती माझ्या ओठांकडे बघत असते आणि मी फारच सभ्य झाले की मला चिमटा काढते.

धंदा गाद्या-खुर्च्यांचा. गावाच्या रस्त्याचं डांबर जिथे संपतं तिथे आमचं दुकान, आणि दुकानामागे तिचं घर. ट्रॅक्टरच्या फाटक्या सीटा, दबलेले सोफे, दवाखान्यातली बाकं, एकदा तर दाताच्या डॉक्टरची खुर्चीही आली होती. फोम कापायचा, रेक्झिन ताणायचं, पिना ठोकायच्या हे ताईचं काम. मशीनवरची शिलाई माझी. गिऱ्हाइकाशी बोलणं अर्थात माझंच.

गावात तिला 'मुकी' म्हणतात, आणि मला त्याचा भयंकर संताप येतो. मुकी कसली? लहानपणी तिला लांबच्या शाळेत ठेवलं होतं, बहिऱ्या मुलांच्या. तिथून पहिल्या सुटीला घरी आली ती दोन्ही हात भरून भाषा घेऊन आली आणि मला शिकवत सुटली. त्या भाषेत तिने मला भुताच्या गोष्टी सांगून घाबरवलं, माझा अभ्यास घेतला, आणि माझं लग्न मोडलं तेव्हा त्या माणसाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तिच्याइतकी बडबडी बाई मी आजवर पाहिलेली नाही. तिच्यासमोर उभं राहून ज्यांना एक शब्द बोलता येत नाही ते मुके.

आता पत्र्यावर माणूस का चढवला होता ते सांगते.

ताईचा मुलगा शहरात असतो. तो ऐकतो, बोलतो, त्याची बायकोही. त्यांची मुलगी मात्र आजीवर गेली. तिच्या गालाला खोल खळी पडते, म्हणून ताईने स्वतःच्या गालात बोट रुतवून तिचं नाव ठेवलं. मी तिला खळीच म्हणते. डॉक्टरांनी कानाला यंत्र दिलंय. त्यातून थोडं पोचतं, बरंचसं नाही. आईबाप दिवसभर कामावर, पोर पाळणाघरात. चार वर्षांची होत आली तरी तिच्याकडे एक शब्द नव्हता, ना तोंडात ना हातात. भूक लागली की रडायची, काही हवं असलं की चावायची. पाळणाघरवाली म्हणायची, "फार दांडगट आहे हो." दांडगट! ज्या लेकराला पाणी मागता येत नाही ते ग्लास फेकणार नाही तर काय करणार?

उन्हाळ्यात खळी ताईकडे राहायला आली. आल्या आल्या तिने आजीच्या मनगटाचा असा चावा घेतला की आठवडाभर दातांची नक्षी दिसत होती. ताईने हात मागे घेतला नाही. दुसऱ्या हाताने तिने मांजराकडे बोट दाखवलं, मग गालांपाशी मिशा ओढून दाखवल्या. पुन्हा मांजर, पुन्हा मिशा. पोरीने दात सोडले आणि बघत राहिली. दुसऱ्या दिवशी मांजर दुकानातून गेलं तेव्हा खळीने आपल्या इवल्या बोटांनी गालांवरून मिशा ओढल्या आणि आमच्या दोघींकडे असं पाहिलं की जणू जगातलं पहिलं मांजर तिनेच शोधून काढलंय. मग पाणी आलं, नको आलं, आणखी आलं, माझं आलं. एकेकच शब्द, पण रोज नवा. सुटी संपेपर्यंत ती झोपेतही हात हलवायला लागली होती. चावणं बंद झालं होतं, आणि ते कुणी बंद कर म्हणून सांगितलेलं नव्हतं.

न्यायला सून आली तेव्हा ताईने माझ्या तोंडून तिला बजावलं, "रोज संध्याकाळी हिला फोनवर माझ्यासमोर बसव. चित्र स्वच्छ हवं. शब्द या वयात मिळाले तर मिळाले. माझ्या शाळेत उशिरा आलेल्या मुली होत्या, मोठ्या, हुशार. त्यांना वाक्य कधीच जमलं नाही. आयुष्यभर एकेक शब्द चाचपत राहिल्या. माझ्या नातीचं तसं व्हायचं नाही." हे तिने दोनदा सांगितलं, दुसऱ्यांदा अगदी सावकाश, आणि मी त्यातला एकही शब्द मऊ केला नाही.

लोक मला शहाणपणाने विचारतात, "मग त्याच का जात नाहीत मुलाकडे?" का जावं? मुलाचं घर म्हणजे एक खोली आणि ओटा. तिथे तिची कात्री कुठे ठेवायची, फोम कुठे ठेवायचा? आणि तिथे सकाळपासून संध्याकाळपर्यंत तिच्याशी बोलायला कोण आहे? इथे तिचं स्वतःचं घर आहे, हातात काम आहे, भांडायला मी आहे. एक तार गावाच्या टोकापर्यंत येत नाही म्हणून जितंजागतं माणूस मुळासकट उपटायचं, हा सल्ला द्यायला लोकांना लाजही वाटत नाही.

तर आम्ही नेट शोधायला निघालो. फोनचं नेट होतंच. दुपारी ते बरं चालायचं, पण संध्याकाळी सगळं गाव घरी परतलं की टेकडीवरच्या एका टॉवरवर सगळे तुटून पडायचे आणि चित्र चिखलात रुतायचं. दुसऱ्या कंपनीचं सिम घेतलं, तिसऱ्या कंपनीचं घेतलं. टॉवर एकच, नावं निराळी. खळीला वेळ होता तो नेमका संध्याकाळीच. जमिनीखालून येणारी केबल होती, पण ती वळणावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत येऊन थांबलेली. आमचं घर वळणाच्या पलीकडे. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात तशी गत. उरला हा अँटेनावाला. त्याने धान्याच्या गोदामावर एक उंच खांब उभारला होता आणि तिथून आसपासच्या छपरांवर नेट फेकायचा. "सिनेमा बघा, मॅच बघा, कुठे थांबणार नाही," तो म्हणाला. छापील पत्रक दिलं, त्यावर वेगाचा मोठा आकडा होता, टोपीही फुकट दिली. आवाज आला, लाइन पास झाली, आणि तो शिडी घेऊन गेला.

त्या संध्याकाळी ताईने दुकानातलं गडद निळं रेक्झिन भिंतीवर ताणून लावलं, म्हणजे मागचा पसारा दिसू नये आणि हात उठून दिसावेत. फोन स्टुलावर टेकवला. पडद्यावर खळी आली, स्वच्छ, पापण्या मोजाव्यात अशी. कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत ताई स्वतःला दिसत होती, तीही स्वच्छ. ताई खूश झाली. मीही झाले. अँटेनावाल्याला उगाच बोलले असं वाटून मी त्याला पुढच्या आठवड्यात चहासुद्धा पाजला.

रोज संध्याकाळ झाली की ताई हात धुऊन, गडद झंपर घालून बसायची. तिकडे सून फोन ओट्यावर डब्याला टेकवून ठेवायची आणि आजी-नातीच्या मध्ये नको म्हणून स्वयंपाकाकडे वळायची. पहिले काही दिवस खळी पडद्याला नाक लावून बघायची. मग ती पडद्यावर थापट्या मारायला लागली. मग रडायला. मग बसेनाशीच झाली. आजी दिसली की उठून जायची. पाळणाघरातून पुन्हा चावण्याच्या तक्रारी यायला लागल्या.

"विसरली मला," ताई एके दिवशी म्हणाली. फोम कापता कापता थांबून, हातातली सुरी खाली ठेवून म्हणाली, कारण सुरी धरून तिला बोलता येत नाही. "लहान आहे. नकोशी झाले मी तिला."

मी म्हटलं, "मुलं असतात लहरी."

"लहरी नाही. ती माझ्याकडे रागाने बघते. काय केलं गं मी?"

ताई त्या दिवसापासून आणखी नेटाने शिकवायला लागली. खेळणी आणून दाखवायची, तोंडं करायची, तोच शब्द पुन्हा पुन्हा. समोरून पोर उठून गेली तरी रिकाम्या ओट्यासमोर थोडा वेळ बसून राहायची. मी ते बघायचे आणि मला सुनेचा राग यायचा, मुलाचा यायचा, कधी कधी त्या एवढ्याशा पोरीचाही यायचा. ज्याचा यायला हवा होता त्याचा नाही आला.

थंडीत मला शिलाई मशीनचे भाग आणायला शहरात जावं लागलं, तेव्हा मी ताईच्या मुलाकडे उतरले. संध्याकाळी सुनेने नेहमीसारखा फोन डब्याला टेकवला, खळीला स्टुलावर बसवलं आणि भाजी चिरायला गेली. मी खळीच्या शेजारी बसले आणि पडद्यात पाहिलं.

माझी बहीण तिथे नव्हती. एक निळा डाग होता आणि त्यावर तपकिरी चौकोन हलत होते. डोकं कुठलं, हात कुठला, कळत नव्हतं. मध्येच सगळं गोठायचं, मग एकदम उडी मारून तिसरीकडेच जायचं. मनगटापुढे तर काहीच नव्हतं, नुसता भुगा. खळीने एकदा माझ्याकडे पाहिलं, चमचा उचलला आणि पडद्यावर हाणला.

"हे असं कधीपासून आहे?" मी सुनेला विचारलं.

"पहिल्यापासून असंच आहे की मावशी," ती म्हणाली. "मला वाटलं, गावचं नेट असंच असतं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण तिच्यावर काय ओरडणार? दिवसभर राबून आलेली बाई, हातात सुरी, डोळ्यांत झोप. तिला कुणी सांगितलं होतं, गावाकडून येणारी गोष्ट चांगलीही असू शकते म्हणून? ताईला मी हातांनी सांगू शकत होते, माझे हात तिला दिसतच होते. मी सांगितलं, "थांब. इथे तुझे हात दिसत नाहीत. कधीच दिसले नाहीत."

पडद्यावरचे चौकोन हलायचे थांबले. मला वाटलं लाइन गोठली. लाइन गोठली नव्हती. थोड्या वेळाने तिचा लेखी निरोप आला, "म्हणजे मी कुणाशी बोलत होते?"

ऐकणारी माणसं फोनवर पहिल्यांदा 'ऐकू येतंय का' विचारतात. आम्हाला कधी 'दिसतंय का' विचारायचं सुचलं नाही, कारण समोर सगळं दिसत होतं. पोर स्पष्ट, स्वतःची चौकट स्पष्ट. ती कोपऱ्यातली चौकट आपल्याच फोनचा आरसा असते, तिकडे काय पोचतंय याचा आणि तिचा काडीचा संबंध नसतो, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. आणि खळीला सांगायचं होतं तर त्यासाठी लागणारे शब्द आजीच्याच हातात होते.

गावी परतले ती थेट अँटेनावाल्याकडे गेले. ताईही आली. तो गोदामाच्या सावलीत वायर गुंडाळत बसला होता. मी सगळं सांगितलं.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "तुमच्याकडे खाली येणारं नेट जोरदार आहे. वर जाणारं आम्ही बारीक ठेवतो."

"का?"

"अहो, वापरतं कोण? गावात लोक बघतात. सिनेमा, मॅच, बातम्या. तुमच्याकडून वर काय पाठवणार तुम्ही?"

मी हे ताईला हातांनी सांगितलं, शब्दाला शब्द. ताईने त्याच्याकडे पाहिलं, आणि मग तिने जे सुरू केलं ते मी आयुष्यात पहिल्यांदा एक अक्षरही न बदलता, न गाळता, तिच्याच वेगाने तोंडाने म्हणत गेले. त्याची आई, त्याचा खांब, त्याची फुकटची टोपी, आणि गावात राहणाऱ्यांना डोळेच असतात, हात नसतात असं समजणारी त्याची अक्कल. गोदामातले हमाल पोती टाकून ऐकायला आले. तो आधी हसला, मग लाल झाला, मग म्हणाला, "वरचं वाढवून देतो, थोडं जास्त पडेल." ताई म्हणाली, आणि मी म्हटलं, "भीक नको पण कुत्रं आवर. उद्या शिडी आण आणि तुझं ते भांडं काढून ने."

त्या दिवशी घरी येताना ताईला कल्पना सुचली. आता कुणाच्या पत्रकावर विश्वास नाही, कुणाच्या आकड्यावर नाही. प्रत्येक लाइनच्या या टोकाला ती बसणार, त्या टोकाला मी, आणि ती पूर्ण वेगाने शिव्या घालणार. मी त्या तिकडून हातांनी जशाच्या तशा परत म्हणून दाखवायच्या. एक शिवी जरी निसटली तरी लाइन नापास. मी म्हटलं, "शिव्याच कशाला?" ती म्हणाली, "शिवी देताना माझे हात सगळ्यात भरभर चालतात."

मी बाजारगावच्या एसटी स्टँडवर जाऊन बसायचे, कारण तिथे फोन झकास चालतो. घरच्या सिमची परीक्षा झाली. दुपारी अँटेनावाल्याचा खापरपणजोबासुद्धा व्यवस्थित पोचला. संध्याकाळी बापापाशीच गाडी अडली. दुसरं सिम, तिसरं सिम, तीच तऱ्हा. स्टँडवरचे लोक माझ्या हातवाऱ्यांकडे बघत असायचे. एका म्हाताऱ्याने मला विचारलं, "बाई, कुठली प्रार्थना चाललीय?" मी म्हटलं, "शांतीची."

मग केबल. कंपनीच्या बाजारगावातल्या कार्यालयात आम्ही सांगितलं की आधी लाइन बघायची आहे. त्यांनी ताईला तिथल्या संगणकासमोर बसवलं आणि मी स्टँडवर गेले. काय सांगू! इतका लखलखीत शिव्यांचा ओघ मी कधी पाहिला नव्हता. बोटाचं पेर न् पेर दिसत होतं. जेवढं खाली तेवढंच वर, दोन्हीकडे सारखा रस्ता. मी धावतच कार्यालयात परत आले. ताई खुर्चीत मागे रेलून बसली होती आणि तिचा चेहरा किती तरी दिवसांनी मोकळा दिसत होता.

"हीच हवी," मी साहेबाला म्हटलं.

त्याने पत्ता विचारला, पडद्यावर नकाशा काढला. "गिरणीच्या पुढे आमची लाइन नाही."

"म्हणूनच आलोय. पुढे ओढा."

"वळणापलीकडे मागणी नाही, मॅडम. घरं किती आहेत तिथे? पुढच्या टप्प्यात बघू."

"पुढचा टप्पा कधी?"

"ते वरून ठरतं."

"तोपर्यंत ती पोर मोठी होईल," मी म्हटलं. नातीचं सगळं सांगितलं. त्याला वाईट वाटलं, नाही म्हणणार नाही. डोळे खाली घालून ऐकलं त्याने. मग म्हणाला, "तुमची भावना समजते, पण एका घरासाठी खांब टाकणं कंपनीला परवडत नाही."

ताई माझ्या हातांकडे बघत होती. मी तिला शेवटचं वाक्य सांगितलं. तिने ओठ मिटले आणि मग तोंड उघडलं.

ताईला आवाज आहे. शाळेत मास्तरांनी तो बळजबरीने घोटून घेतला होता. गावातल्या मुलांनी त्याची नक्कल केली तेव्हा तिने तो बंद करून टाकला. मीसुद्धा तो क्वचितच ऐकलाय. त्या कार्यालयात तो आला, खडबडीत, फाटका, छताला लागणारा. "घर!" ती ओरडली. "माझं! घर! आहे!" रांगेतली माणसं मागे सरली. एक बाई पोराला पोटाशी धरून बाहेर गेली. साहेब अर्धा उठला आणि मला म्हणाला, "त्यांना जरा हळू बोलायला सांगा ना."

"तिला ऐकू येत नाही ती किती जोरात बोलतेय ते," मी म्हटलं. "तुम्हाला येतंय ना? मग ऐका."

त्याने ऐकलं. पाणी मागवलं. आणि मग पुन्हा तेच म्हणाला, पुढच्या टप्प्यात. गोष्टीत असतं तर साहेब विरघळला असता आणि आठ दिवसांत वळणावर खांब उभे राहिले असते. खांब आजही गिरणीपाशीच आहेत. त्यातला एक थोडा आमच्या घराकडे झुकलाय, तेवढीच त्याची माया.

उरली होती आभाळातल्या उपग्रहाकडून नेट घेणारी छत्री. ती विकणारा माणूस बाजारगावाच्या टोकाला बसायचा, पंखे आणि पंपही विकायचा. त्याची एक गोष्ट मला आवडली, त्याने आधी खोटच सांगितली. "मुसळधार पाऊस लागला की तुटते. झाड आड आलं की तुटते. आणि सगळ्यात महाग हीच." मी विचारलं, "वर किती जातं?" तो म्हणाला, "केबलइतकं नाही, पण व्हिडिओला पुरतं. तुम्हाला काय पाठवायचंय?" मी म्हटलं, "शिव्या." त्याने एकदा माझ्याकडे आणि एकदा ताईकडे पाहिलं आणि मुकाट्याने अंगणातली छत्री सुरू केली.

ताईने त्या दिवशी केबलच्या साहेबाला घेतलं. त्याचा टप्पा, त्याचा नकाशा, त्याचं पाणी. शब्द अर्धा श्वास उशिरा पोचत होते, पण एकही गळत नव्हता. मी स्टँडवर बसून सगळं परत म्हणून दाखवलं. दुपारी पास, संध्याकाळीही पास. "जरा धापा टाकते," ताईने निकाल दिला, "पण अडखळत नाही."

किमतीचं काढत नाही. एवढंच सांगते, की रस्त्याच्या शेवटी राहणाऱ्याला सगळ्यात कमी मिळतं आणि त्यासाठी सगळ्यात जास्त मोजावं लागतं. वळणाच्या अलीकडचा माणूस निम्म्यात दुप्पट घेऊन बसलाय. मी हे जाता येता लोकांना ऐकवते. ते म्हणतात, "मिळालं ना शेवटी? मग आता का चिडतेस?" का चिडते! उन्हाळ्यापासून थंडीपर्यंतच्या संध्याकाळी गेल्या. त्या वयातल्या संध्याकाळी. त्या मला कोण आणून देणार, कुठल्या टप्प्यात?

छत्री पत्र्यावर बसली त्याच संध्याकाळी ताई निळ्या रेक्झिनपुढे बसली. मी सुनेला आधी फोन करून बजावलं होतं, की आजपासून तूही शेजारी बसायचं आणि पडद्यात काय दिसतंय ते मला आवाजाने सांगत राहायचं. "दिसतंय मावशी," ती म्हणाली. "अहो, आईंच्या हाताला पिना टोचलेल्या जखमासुद्धा दिसतायत."

पण खळी बघेना. स्टुलावर बसवल्या बसवल्या तिने पडद्याकडे पाठ फिरवली. बहिऱ्या माणसाने पाठ फिरवली की संपलं. मग तुम्ही हाका मारा नाही तर ढोल वाजवा. सुनेने तिला खांद्याला धरून वळवलं, ती किंचाळली आणि पुन्हा फिरली. दुसऱ्यांदा वळवलं तर तिने आईच्या हाताचा चावा घेतला.

"सोड तिला," ताई म्हणाली. मी ते सुनेला सांगितलं.

मग ताई नुसती बसून राहिली. तिने हात मांडीवर ठेवले. पडद्यावर एका लहान पोरीची पाठ दिसत होती, फ्रॉकची गाठ सुटलेली. मी ताईकडे बघू शकत नव्हते. माझ्या मनात त्या खांबवाल्याला, नकाशावाल्याला, मागणी मोजणाऱ्या सगळ्यांना मी एकेक करून या पाठीसमोर उभं करत होते आणि विचारत होते, आता सांगा, परवडलं का?

तिकडे आमटी उतू गेली म्हणून सून उठली. खळीने आई कुठे गेली ते बघायला मान वळवली, आणि जाता जाता तिची नजर पडद्यावरून गेली. गेली आणि परत आली. ताईने फक्त एक हात उचलला आणि अगदी सावकाश बोटं उघडली. बोटं बोटंच राहिली. त्यांचे चौकोन झाले नाहीत. खळी स्टुलावर गुडघे टेकून पुढे सरकली, ताईच्या बोटांवर आपलं बोट टेकवलं, काढलं, पुन्हा टेकवलं.

मग तिचा चेहरा लाल झाला. मला वाटलं, आता रडणार, नाही तर चमचा शोधणार. तिने दोन्ही हात वर घेतले आणि म्हणाली, "आजी. हात. नाही!" तीन शब्द. एकामागे एक. आजवर तिने दोन शब्दही जोडले नव्हते. "आजी हात नाही! आजी वाईट! मी बघ, मी बघ, आजी नाही!"

मी ताईला म्हटलं, "तिला सांग ना, तुझी चूक नव्हती म्हणून. लाइन खराब होती." आणि म्हणता म्हणताच मला कळलं की चार वर्षांच्या लेकराला हे कुठल्या शब्दांत सांगणार.

ताईने माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. तिचे डोळे वाहत होते आणि ती ते पुसत नव्हती, कारण पुसायला हात लागले असते. "हो," ती नातीला म्हणाली. "आजी वाईट. अजून रागव. मी बघतेय."

आणि खळी रागावली. आमटी निवली, बाप कामावरून येऊन दारातच थबकला, तरी ती रागावतच होती. निम्म्याहून जास्त शब्द चुकीचे होते, काही तर तिने तिथल्या तिथे स्वतःच बनवले होते. ताईने त्यातला एकही सुधारला नाही.